पेटी कुणाची, रंधा कुणाचा?

बेळगाव तालुक्यातल्या एका गावातून पत्र आले आहे. लिहिणारे चौतिशीचे, उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या एका मशीन शॉपमध्ये नोकरीला आहेत. सुट्टीच्या दिवशी लाकूडकाम करण्याचा नाद. दिवाळीच्या तोंडावर त्यांना एका भंगारवाल्याकडे सुतारी हत्यारांची पेटी दिसली आणि वजनाच्या भावाने अकराशे रुपयांत ती त्यांनी उचलली. पेटीत दोन लोखंडी रंधे निघाले. एकावर ‘स्टॅनली, मेड इन इंग्लंड’ आणि ‘4’ हा आकडा आहे. दुसरा लोखंडी खोक्यात लाकूड भरलेला, बिननावाचा. शिवाय एक शिसवी रंधा, ‘कास्ट स्टील’ असा शिक्का असलेल्या तीन पटाश्या, चार ‘गावठी’ पटाश्या, एक वाकस (लाकूड तासायचे हत्यार), घडीची इंची पट्टी आणि ‘एम. अँड एस. एम.’ असा ठसा असलेली हातोडी. फोटो पाहून मुंबईच्या एका गृहस्थांनी सगळ्या पेटीचे अठरा हजार देऊ केले, मुदत आठ दिवस. मित्र म्हणतो, लाखाचा माल आहे. घरी पत्नी म्हणते, देऊन टाका, हप्ता तरी निघेल. एवढ्यात कळले, की पेटी दोन गल्ल्या पलीकडच्या, गेल्या वर्षी वारलेल्या सुतारकाकांची. मुलाने ती भंगारात घातली होती. पत्रलेखक विचारतात: हत्यारे किती जुनी? खरी किंमत काय? साफ कशी करू? विकू की ठेवू? आणि त्या मुलाला सांगितले पाहिजे का? सांगितले आणि त्याने परत मागितली तर?

भाऊ, नमस्कार.

तुमचे पत्र दोनदा वाचले. पहिल्यांदा तुमचे प्रश्न मोजले. दुसऱ्यांदा लक्षात आले, की स्टॅनलीच्या रंध्यावर तुम्ही जवळजवळ एक पान लिहिले आहे आणि चार पटाश्यांची बोळवण ‘गावठी’ या एका शब्दात केली आहे. माझे उत्तर तिथूनच सुरू होते. पण त्याआधी एक तातडीचे सांगते. एका पटाशीला तुम्ही ग्राइंडरवरचा तारेचा ब्रश लावून चकचकीत केलीत, म्हणता. तेवढ्यावर थांबा. बाकीच्या कशालाही अजून हात लावू नका.

हे मी अनुभवाने बोलते आहे. माझे मामा शहापुरात सुतारकाम करायचे. ते गेल्यावर त्यांचा एक लाकडी रंधा माझ्याकडे आला. काळाकुट्ट, तेलकट, मुठीच्या जागेला घामाने चकाकी आलेली. मी हौसेने पॉलिश पेपर घेतला आणि दोन तासांत तो नव्यासारखा केला. नंतर मामी आली, रंधा हातात घेऊन उलटापालटा केला आणि विचारले, “ह्याच्या टाचेवर नाव होतं की गं, त्यांच्या वडलांनी घातलेलं?” टाचेवर आता नुसते गुळगुळीत लाकूड होते. ते नाव कुठल्या लिपीत होते, नावापुढे गाव होते की नाही, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून सांगते, आधी वाचायचे, मग पुसायचे.

वाचायचे कसे, तर रात्री खोलीतला दिवा घालवा. हत्यार टेबलावर ठेवा आणि टॉर्च अगदी आडवा, पृष्ठभागाला टेकवल्यासारखा धरा. दिवसाच्या सरळ उजेडात जिथे नुसता गंज दिसतो, तिथे आडव्या उजेडात अक्षरांच्या कडा सावली टाकतात. टॉर्च चारी बाजूंनी फिरवा, कारण एका बाजूने ‘ओ’ दिसणारे अक्षर दुसऱ्या बाजूने ‘सी’ निघते. मग त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासा. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून घासायचो, तसेच. हा कागद फोटोपेक्षा खरा निघतो, कारण शिक्क्याचे माप त्यात जसेच्या तसे उतरते. प्रत्येक कागदावर तारीख आणि हत्याराचे नाव लिहा. रंध्याची पाती बाहेर काढून पाठीमागूनही बघा. पाचरीच्या बाजूला, मुठीच्या बुडाला, पेटीच्या झाकणाच्या आतून बघा. सुतार हिशेब तिथेच लिहून ठेवतात.

एवढे झाल्यावरच सफाई. रॉकेल मिळाले तर रॉकेल, नाहीतर थोडे डिझेल, पितळी ब्रश आणि जुने सुती कापड. लाकडाला जवसाचे तेल, एकच पातळ हात, चोळून पुसून काढायचे. व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून गंज काढण्याची पद्धत लोक सांगतात. गंज जातो, पण उथळ शिक्केही झिजतात. आणि धारेपाशी ग्राइंडरचा दगड तर मुळीच नको. पात्यावर निळी झाक आली, की पोलादाचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरले. मग ती पटाशी पुन्हा पाणी दिल्याशिवाय धार धरत नाही.

आता स्टॅनली. ही अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातली, न्यू ब्रिटनची कंपनी. लिओनार्ड बेली या कारागिराची रंध्याची पेटंटे तिने 1869 मध्ये घेतली आणि आज आपण ‘लोखंडी रंधा’ म्हणतो तो आकार तिथून जगभर गेला. तुमचा मात्र इंग्लंडचा. 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात स्टॅनलीने इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरातला एक कारखाना घेतला आणि ब्रिटनमध्ये रंधे बनवायला सुरुवात केली. म्हणजे ‘मेड इन इंग्लंड’ स्टॅनली त्याच्या आधीचा असू शकत नाही. शंभर वर्षांचा नाही. नंबर 4 हे तर भरपूर खपलेले माप, जगभर लाखांनी विकले गेले. संग्राहक धावतात ते नंबर 1 मागे, कारण तो छोटासा रंधा कमी बनला, आणि म्हणूनच त्याच्या नकलाही निघाल्या. तुमच्या मित्राने बहुधा परदेशातल्या कुठल्या तरी दुर्मीळ रंध्याची किंमत पाहिली आणि नाव तेच म्हणून ती तुमच्या रंध्याला चिकटवली.

तरीही तो वाईट रंधा नाही. कामाला उत्तम आहे. फक्त त्याचे भाग एकमेकांचे आहेत का ते बघा. पाते एका रंध्याचे, वरची दाबपट्टी दुसऱ्याची आणि मूठ तिसऱ्याची, असे आपल्याकडे फार होते. पेटंटांची मुदत संपल्यावर हाच आकार इतरांनीही बनवला. शेफिल्डची रेकॉर्ड कंपनी 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला या धंद्यात आली, पुढे जालंधरकडेही असे रंधे होऊ लागले. त्यामुळे आकार आणि ‘4’ हा आकडा बघून कंपनी ठरवता येत नाही.

कुणा वाचकाकडे अमेरिकेतला स्टॅनली असेल, तर पाते काढून ते ज्या उतरत्या बैठकीवर टेकते तिच्या मागे, बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) अंगात बघा. तिथे पेटंटाच्या तारखा ओतलेल्या असतात. 1902 च्या दोन आणि 1910 ची एक, अशा तीन तारखा मिळाल्या तर रंधा साधारण 1910 ते 1918 मधला धरतात. एकटी 1910 ची तारीख असेल तर त्यानंतरचा. पात्यावर बदामाच्या आकाराची खूण असेल, तर पाते साधारण 1920 ते 1935 मधले. कंपनीचे प्रमुख विल्यम हार्ट, आणि इंग्रजीत ‘हार्ट’ म्हणजे हृदय, म्हणून तो बदाम. इथे एक चूक सर्रास होते. पेटंटाची तारीख म्हणजे रंधा बनल्याची तारीख असे लोक समजतात. ती तारीख एवढेच सांगते, की वस्तू याच्या आधीची नाही. नंतरची किती, ते दुसऱ्या खुणांवरून शोधायचे.

हा ‘याच्या आधीची नाही’चा नियम तुम्ही सगळ्या पेटीला लावू शकता, आणि त्यासाठी परदेशी पुस्तके लागत नाहीत. घडीच्या पट्टीवर नुसते इंच आहेत की सेंटिमीटरही आहेत? आपल्याकडे दशमान मापे 1958 पासून टप्प्याटप्प्याने आली आणि 1962 पर्यंत सक्तीची झाली. दोन्ही मापे असलेली देशी पट्टी बहुधा त्या बदलाच्या काळातली किंवा नंतरची. आयएसआयची खूण असेल तर वस्तू 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धाआधीची नाही. कुणाकडे चोवीस भागांची जुनी लाकडी पट्टी असेल, तर तो तसूचा गज, इंचाशी त्याचा संबंध लावू नका. ओतीव वस्तूवर गावाचे नाव असले तर तेही बोलते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलींच्या दुकानाने सुरुवात केली, लोखंडी नांगर 1903 मध्ये बाजारात आणला आणि 1910 मध्ये कारखाना कुंडलजवळ हलवला. तेव्हा ‘किर्लोस्करवाडी’ हे नाव असलेला नांगर 1910 च्या अलीकडचा, हे कुणीही घरबसल्या सांगू शकेल.

तुमच्या हातोडीवरचा ठसा असाच बोलका आहे. ‘एम. अँड एस. एम.’ म्हणजे मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे. आपल्याकडची सदर्न मराठा रेल्वे, जिचे मुख्य ठाणे धारवाडला होते, ती 1908 मध्ये मद्रास रेल्वेशी जोडली गेली आणि एप्रिल 1951 मध्ये सगळी मिळून दक्षिण रेल्वे झाली. म्हणजे तो ठसा 1908 ते 1951 या त्रेचाळीस वर्षांतला. नुसते ‘एस. एम. आर.’ असते तर त्याहून जुना म्हटला असता. स्टॅनलीपेक्षा ही हातोडी मला जास्त महत्त्वाची वाटते. सुतारकाकांच्या घरातले कुणी हुबळीच्या वर्कशॉपमध्ये होते का? लोंढ्याच्या बाजूला लाइनीवर काम करत होते का? की लिलावात घेतली? हे मुलाला ठाऊक असेल, किंवा त्याच्या आईला. तुमच्या मनात येईल म्हणून सांगते, सत्तर-ऐंशी वर्षे खाजगी घरात असलेल्या, बंद झालेल्या रेल्वे कंपनीच्या हातोडीची भीती बाळगू नका. पण आजच्या रेल्वेचा ठसा असलेले हत्यार भंगारात दिसले, तर पावतीशिवाय घेऊ नका. त्यासाठी 1966 पासून वेगळा कायदा आहे. आपल्याकडे लष्कराची छावणी जुनी, त्यामुळे बाणाच्या टोकासारखी तीन रेघांची खूणही बेळगावच्या भंगारात सापडते. ती ब्रिटिश सरकारी मालमत्तेची खूण. सोबत ‘आय’ हे अक्षर असेल तर हिंदुस्थान सरकारची.

‘कास्ट स्टील’ या शिक्क्याने अनेकांची फसगत होते. कास्ट म्हणजे ओतीव, ओतीव म्हणजे बीड, आणि बिडाची पटाशी कशी असेल, असे म्हणून लोक ती हलकी समजतात. उद्यमबागेत तुम्ही रोज बीड पाहता, तुम्हालाही तसे वाटले असेल. पण हे मुशीत वितळवलेले पोलाद. शेफिल्डजवळ बेंजामिन हंट्समन याने 1740 च्या दशकात ती रीत बसवली, आणि त्यानंतर दीडशे वर्षांहून जास्त काळ चांगल्या हत्यारावर हा शिक्का अभिमानाने मारला जायचा. विसाव्या शतकात तो हळूहळू मागे पडला. शिक्क्याशेजारी ‘इंग्लंड’ असा देशाचा उल्लेख असेल, तर पटाशी बहुधा 1890 नंतरची, कारण त्या वर्षी अमेरिकेने आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले आणि निर्यात करणारे कारखाने ते घालू लागले. आडव्या टॉर्चने कारखान्याचे नाव शोधा. शेफिल्डच्या बऱ्याच कारखान्यांची जुनी कॅटलॉग आज फुकट वाचायला मिळतात आणि त्यांतली चित्रे इतकी नेमकी असतात, की मुठीच्या कड्यावरूनही ओळख पटते.

आता त्या चार ‘गावठी’ पटाश्यांकडे येते.

तुम्ही पाठवलेल्या तिसऱ्या फोटोत एक पटाशी उलटी पडली आहे. तो फोटो मोठा करून बघा. मुठीच्या खाली बोटभर अंतरावर बारीक तिरक्या रेघा दिसतात, एकमेकींना छेदणाऱ्या. तुम्ही त्यांना ओरखडे समजला असाल. त्या कानशीच्या दातांच्या खुणा आहेत. कुणा लोहाराने झिजलेली कानस भट्टीत घालून, ठोकून तिची पटाशी केली आहे आणि मुठीकडचा भाग पुरता ठोकला न गेल्याने दात तिथे राहून गेले. कानशीचे पोलाद कडक असते, कार्बन भरपूर, म्हणून ते धार चांगली धरते. आपल्या भागातल्या लोहारांना हे पुस्तकातून कळले नव्हते. मामा अशा पटाशीला नखाने टिचकी मारून आवाज ऐकायचे आणि म्हणायचे, “तिखं हाय ह्ये.” तिखे म्हणजे पोलाद. हा शब्द आता ऐकू येत नाही, मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात मात्र सापडतो.

दुसरी एक परीक्षा करून बघा. वाकसाची धार सहाणेवर थोडी उजळा आणि कडेला लिंबाचा एक थेंब ठेवा. मिनिटभराने पुसा. सगळा भाग सारखाच करडा झाला तर ते एकजिनसी पोलाद, कदाचित लॉरीच्या स्प्रिंगच्या पाट्याचे. पण धारेकडचा भाग गडद आणि मागचा फिका निघाला, मध्ये एक ओळ दिसली, तर ते मऊ लोखंडावर पोलादाची पट्टी जोडून केलेले काम आहे. पोलाद महाग होते तेव्हाची ही काटकसर, जगभर होती आणि आपल्याकडेही होती. लॉरीच्या पाट्याचा वाकस लॉऱ्या आल्यानंतरचा हे उघड आहे, तर ती जोडओळ त्याहून जुन्या रीतीची खूण. बघा, कुठेही नाव नाही, कंपनी नाही, तरी लोखंड स्वतःच काळ सांगते.

शेफिल्डच्या पटाशीसारखी पटाशी शेफिल्डच्या कॅटलॉगात सापडेल, जगात तिच्या हजार बहिणी असतील. कानशीपासून केलेली ही एकच आहे. ती कुणी केली हे सांगणारी माणसे तुमच्या गावात आहेत आणि ती साठी-सत्तरी ओलांडलेली आहेत. तुम्ही संशोधन म्हणजे मोबाइलवर शोधणे असे धरून चालला आहात. स्टॅनलीसाठी ते पुरे. या पेटीतल्या निम्म्या मालाची माहिती मात्र गल्लीत आहे, आणि ती कुठेही लिहिलेली नाही.

शिसवी रंध्यालाही हेच लागू. तो सुताराने स्वतः केला असण्याची शक्यता मोठी. तळाशी, पाते बाहेर येते त्या तोंडापुढे वेगळ्या लाकडाचा तुकडा बसवला आहे का बघा. तोंड झिजून रुंद झाले की असा तुकडा घालतात. तसा असला तर रंध्याने आयुष्यभर काम केले आहे. मुठीवर कोणत्या बाजूला झीज आहे त्यावरून सुतार डावखुरा होता का तेही कळते. टाचेवरची अक्षरे देवनागरी, कन्नड, मोडी, काहीही असू शकतात. आपल्याकडे बाप मोडीत नाव घालतो आणि मुलगा कन्नड शाळेत शिकून कन्नडमध्ये, असेही व्हायचे. पेन्सिलीने काढलेला कागद एखाद्या मोडी जाणणाऱ्याला दाखवा आणि एखाद्या कन्नड शिक्षकालाही. गॅझेटियरचे मुंबई इलाख्याच्या मालिकेतले बेळगाव जिल्ह्याचे पुस्तक 1884 चे, फुकट वाचता येते. त्यात सुतार, लोहार, पांचाळ यांची माहिती आहे. साहेबाच्या नजरेची म्हणून जपून वाचायची, पण वाचण्यासारखी.

उरला तो लाकूड भरलेला, बिननावाचा लोखंडी रंधा. तुम्ही लिहिता, मुंबईच्या गृहस्थांनी ‘त्याचे अजून दोन फोटो पाठवा’ म्हणून सांगितले. स्टॅनलीचे फोटो त्यांनी परत मागितले नाहीत. त्यांना काय हवे आहे ते इथे कळते. असे रंधे ब्रिटनमध्ये बनत. स्कॉटलंडमधल्या एअरचे स्पायर्स आणि लंडनचे नॉरिस ही यातली मोठी नावे. पाते पुढेमागे करायच्या नॉरिसच्या स्क्रूचे पेटंट 1913 चे. पितळी दाबपट्टी नुसत्या कापडाने पुसून तिच्यावर नाव आहे का बघा. पुढच्या लाकडाच्या माथ्यावरही बघा. पात्यावरच्या नावावर मात्र जाऊ नका, पाती वेगळी विकली जात. रंध्याच्या बाजू आणि तळ यांच्या सांध्यात कबुतराच्या शेपटीच्या आकाराचे दात एकमेकांत बसवलेले पुसट दिसले, तर ते पोलादी पत्रे जोडून केलेले बारीक हातकाम. एकसंध असेल तर ओतीव.

नाव सापडले तर किंमत तुमच्या अंदाजापेक्षा बरीच वर जाऊ शकते. नाव नसले तरी निराश होऊ नका, पण लाखाची स्वप्नेही बघू नका. नुसते ओतकाम विकत घेऊन आत लाकूड स्वतः भरणारे कारागीर ब्रिटनमध्येही पुष्कळ होते. तुमच्या रंध्यात आपल्याकडच्याच कुणा सुताराने शिसव भरला असेल का? मला तर ते नॉरिसच्या नावाइतकेच मोलाचे वाटेल.

किमतीबद्दल दोनच गोष्टी सांगते. लोक काय मागतात ते बघू नका, प्रत्यक्ष विकले कितीला गेले ते बघा. परदेशातल्या विक्रीच्या जागांवर ‘विकलेले’ अशी वेगळी यादी बघायला मिळते, तिथे आकडे एकदम खाली येतात. आणि ढीग कधी ढिगाच्या भावात देऊ नका. अठरा हजार हा पेटीचा भाव दिसतो, पण बहुधा तो एका रंध्याचा आहे आणि बाकी सगळे फुकट जाते आहे. गृहस्थ फसवे आहेत असे मी म्हणत नाही. पारखी माणूस घाई करतोच. तुम्ही घाई करायचे कारण नाही.

कायद्याचे एक. पुरावस्तू आणि कलावस्तूंचा 1972 चा कायदा शंभर वर्षे जुन्या, हस्तकलेचा इतिहास सांगणाऱ्या वस्तूंनाही लागू होऊ शकतो. देशात अशी हत्यारे विकत घेण्या-देण्यात तुमच्यासारख्याला अडचण यायची नाही, पण खाजगी माणसाला पुरावस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशी गिऱ्हाईक भेटले आणि वस्तू शंभरीच्या आसपासची असेल, तर ती पुरावस्तू नसल्याचा दाखला आधी पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडून घ्यावा लागेल. ‘खेळणे’ म्हणून पार्सल करा, असे कुणी सुचवले तर त्याच्याशी व्यवहार करू नका.

विकू की ठेवू, याचे उत्तर एकाच शब्दात द्यायला तुम्ही स्वतःला का बांधून घेतले आहे? पत्नीचे म्हणणे चूक नाही. घरात हप्ता आहे आणि पेटी खाटेखाली आहे. स्टॅनली विकला तर कुणाचे काही जात नाही, तसे रंधे पुन्हा मिळतात. किंवा तो तुम्ही वापरा आणि नावाचा निघाला तर लाकूड भरलेला रंधा योग्य भावाला द्या, हप्त्याला तोच जास्त हातभार लावेल. शेफिल्डच्या पटाश्या वापरायला ठेवाव्यात असे मी म्हणेन. त्यांना धार लावून कामाला घेतल्याने त्यांची अप्रतिष्ठा होत नाही, त्या त्यासाठीच केल्या होत्या. शिसवी रंधा, गावठी पटाश्या, वाकस आणि रेल्वेची हातोडी मात्र एकमेकांपासून तोडू नका. बाजारात त्यांना सुटे काही मिळणार नाही. एकत्र असल्या तर ती एका सुताराची आयुष्याची पेटी आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात रोजच्या वापरातल्या साध्या वस्तू किती प्रेमाने जपल्यात, ते एकदा पत्नीला घेऊन बघून या. वाटेत कोल्हापूरजवळ कणेरी मठावर बलुतेदारांचे गाव उभे केले आहे, तेही बघा. मग घरातला हा वाद वेगळ्या तऱ्हेने होईल.

आता शेवटचा प्रश्न. तुम्ही तो पत्राच्या शेवटी दोन ओळींत घातला आहे, पण मला वाटते पत्र तुम्ही त्यासाठीच लिहिले.

तुम्ही भंगारवाल्याकडून पैसे मोजून घेतले, चोरी केली नाही. कायद्याने तुम्ही कुणाचे देणे लागत नाही. तरीही त्या मुलाकडे जा. तुम्हाला भीती वाटते, तो परत मागेल. मागेल कदाचित. पण तुम्ही असे धरून चालला आहात, की त्याने पेटी विकली म्हणजे त्याला तिचे काही वाटत नव्हते. बाप गेल्यावर घर आवरणारी माणसे मी पाहिली आहेत. ज्या वस्तूकडे बघवत नाही ती वस्तू ती माणसे आधी बाहेर काढतात. शिवाय त्याला कुणी कधी विचारलेच नसेल, की बाबा यातले कुठले हत्यार जास्त वापरायचे.

रिकाम्या हाताने किंवा पैशांची भाषा घेऊन जाऊ नका. कानशीच्या दातांची ती पटाशी सुती कापडात गुंडाळून न्या. तो घरी नसला तर त्याच्या आईशी बोला, काकू म्हणून पाया पडा, चहा घ्या. पटाशी हातात द्या आणि विचारा, ही कुठल्या लोहाराकडून करून घेतली होती. फोन लगेच बाहेर काढू नका. त्यांनी बोलायला सुरुवात केली की परवानगी घेऊन रेकॉर्ड करा, आणि काकांचे नाव, गाव, कुणाकडे शिकले, कुठल्या घरांची, देवळांची कामे केली, हे त्याच रात्री वहीत लिहून काढा. ती वही पेटीत ठेवा. पेटी पुढे कुणाकडेही गेली तरी वही तिच्याबरोबर जाईल.

मुलाने एखादी वस्तू आठवण म्हणून मागितली तर द्या. शिसवी रंधा मागितला तर तोसुद्धा द्या, आधी त्याचे फोटो आणि पेन्सिलीचे कागद काढून ठेवा. सगळी पेटी मागितली, तर तुमचे अकराशे घेऊन परत करा असे मी म्हणणार नाही. ते तुमच्या आणि त्याच्यामधले आहे, समोरासमोर बसल्यावर ठरेल. आणि लाकूड भरलेल्या रंध्यावर नाव सापडले, चांगली रक्कम आली, तर त्यातला वाटा त्या घरी द्यायचा का, हे पत्नीशी आधी बोलून ठेवा. मी असते तर दिला असता. पण हप्ता तुमचा आहे, माझा नाही, आणि दिला नाहीत म्हणून मी तुम्हाला वाईट म्हणणार नाही. लपवून ठेवू नका, एवढेच मागते. दोन गल्ल्यांचे अंतर आहे, आज ना उद्या कळणारच.

मुंबईच्या गृहस्थांना आज रात्रीच निरोप पाठवा: आठ दिवसांत जमणार नाही, महिन्याने कळवतो. आणि काकूंकडे जाऊन आलात की शिसवी रंध्याच्या टाचेवर अक्षरे सापडल्यास त्यांचा पेन्सिलीने घासलेला कागद मला पोस्टाने पाठवा. मला ती अक्षरे बघायची आहेत.